मावशीच्या बाप्तिस्म्याचा दाखला

माझ्या मावशीच्या तोंडी एक वाक्य होतं आणि त्या वाक्याने चाळीस वर्षं आमच्या चर्चमधल्या माणसांच्या नाकी नऊ आणले. "वहीत आहे का?"

बाप्तिस्मा, लग्न, मरण यांच्या नोंदवह्या चर्चच्या ऑफिसात लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली मावशीच्या कमरेला. सहा फादर आले नि बदलून गेले, किल्ली हलली नाही. दाखला मागायला आलेल्या नवरदेवाने सांगितलेली तारीख वहीत एका दिवसाने मागेपुढे निघाली, की मावशी त्याला तीन खेपा घालायला लावायची. तेही अगदी गोड आवाजात. तिच्याशी धड भांडताही यायचं नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली. इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलं आणि मी शाळेत भाषा शिकवते म्हणून ते लचांड माझ्या गळ्यात पडलं. मी घरोघर फिरून गोष्टी गोळा केल्या. मावशीने लाल पेन घेऊन निम्म्या उडवल्या. पहिले फादर नदी पोहून आले? वहीत नाही. वादळात घंटा आपोआप वाजली? वहीत नाही.

"मावशी, हा इतिहास आहे की किराणामालाची यादी?"

"यादीच बरी. तिला कोणी खोटं ठरवत नाही."

सगळ्यात वाईट म्हणजे तिने सुईणबाईंनाही सोडलं नाही. सुईणबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलेलं. शिवाय मावशीच्या धर्ममाताही त्याच, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. चर्च उभं आहे ती जागा आपल्या आजोबांनी दिली, तोंडी दिली, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. कागद नव्हता. मावशीने ती ओळ काढून टाकली. बाई काठी टेकत ऑफिसात आल्या.

"अगं, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"बाई, नुसत्या शब्दाचं मी काय करू? वहीत नाही."

पुस्तिका छापायला गेली. बाईंनी मावशीशी बोलणं टाकलं. मीही आठवडाभर अबोला धरला, पण मावशीच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि मग आमच्या या मावशीने लग्न ठरवलं. एकसष्टाव्या वर्षी! चर्चची बाकं दुरुस्त करणारे सुतारकाका, विधुर, बारा वर्षं ऑफिसच्या दाराशी रंधा मारता मारता तिच्याशी गप्पा मारत होते. त्यांनी विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. कागदपत्रं न मागता! आम्ही सगळे गार.

लग्नाला तीन आठवडे उरले. फादरांना दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले हवे होते. मावशीने काकांचा दाखला लिहिला आणि स्वतःच्या सालाची वही उघडली. तिचं नावच नव्हतं. त्या साली तेव्हाचे फादर तापाने अंथरुणाला खिळले होते, बाहेरगावचे फादर येऊन विधी उरकून जात आणि दीड महिन्याची नोंदच झाली नव्हती. गावभराची नावं शोधणाऱ्या बाईने स्वतःचं नाव कधी बघितलंच नव्हतं! मला हसू फुटलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि थांबले.

"आता त्यांना काय सांगू गं?" ती म्हणाली. दाराबाहेर काकांचा रंधा चालू होता, तिने तिकडे पाहिलं.

वहीत नोंद नसेल तर एक साक्षीदार चालतो, हा नियम तिला पाठ होता. तिचे आईवडील कधीच गेले होते. त्या बाप्तिस्म्याला हजर असलेलं जिवंत माणूस एकच उरलं होतं. मी म्हटलं, "मी जाऊन सुईणबाईंचे पाय धरते." पण मावशी स्वतःच निघाली, म्हणून मीही मागोमाग गेले.

बाईंनी दारातच विचारलं, "माझ्याकडे कशाला आलीस? वहीत बघ."

"वहीत नाही, बाई."

बाईंनी कोपऱ्यातली काठी घेतली. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या.

ऑफिसात फादरांनी फॉर्म काढला. बाईंनी सांगितलं, "डोक्यावर पाणी पडलं आणि हिने फादरांच्या झग्याची बाही धरली ती सोडेचना. मी एकेक बोट सोडवलं." फादरांनी सगळं लिहून घेतलं. शेवटचा रकाना होता: साक्षीदाराचा शब्द विश्वसनीय आहे का? फादर गावात नवीन. त्यांनी मावशीकडे पाहिलं. "इथल्या माणसांना तुम्हीच ओळखता. काय लिहू?"

मावशीचा चेहरा उतरला.

"होय लिहा," ती म्हणाली. "आणि जागेबद्दलचाही यांचा शब्द मानायला हवा होता. मी चुकले, बाई."

"पुस्तक छापून झालं ना?"

"झालं."

"मग आता बोलून काय उपयोग?" बाईंनी सही केली आणि चहा न घेता गेल्या.

त्या तीनशे प्रती गठ्ठ्यांनी ऑफिसात पडल्या होत्या. मावशीने एकेक प्रत उघडून हाताने एक ओळ लिहायला घेतली. लग्नाच्या साडीचा पत्ता नाही, काका बिचारे येरझाऱ्या घालतायत आणि ही लिहितेय! मी मदत करते म्हटलं, तर माझं अक्षर वाईट म्हणे. ओळ अशी होती: 'ही जागा सुईणबाईंच्या आजोबांनी दिली. पुरावा: बाईंचा शब्द.'

पहिली प्रत घेऊन ती बाईंकडे गेली. बाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिने ती ओळ वाचून दाखवली.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या.