पाच छेद दहा

विद्यापीठाने तिला सहा वर्षांच्या करारावर घेतले तेव्हा त्यात एक अट होती: अर्धा काळ सरला की मध्यावधी मूल्यमापन. भाड्याने आणलेली सायकल अर्ध्या रस्त्यात उभी करून तिचे चाक फिरवून पाहावे, तसा हा प्रकार. चाक नीट फिरले तर पुढे न्यायची, कुरकुरले तर तिथेच सोडून द्यायची. ज्यांनी ही पद्धत काढली ते सगळे स्वतः कायम नोकरीत होते, आणि त्यांच्या चाकांना हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

ती पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवत असे. स्टाफरूममध्ये तिचे नाव 'पुन्हा-एकदा बाई'. कारण उघड होते. इतरांचे तिसरे प्रकरण संपायचे तेव्हा तिचे दुसरे चाललेले असायचे. "काय मॅडम, वर्ग अजून पिशवीतच का?" असे कोणीतरी चहा ढवळता ढवळता विचारी, आणि ती हसून म्हणे, "हो सर, हळूहळू बाहेर काढतेय एकेकाला."

पिशवी खरीच होती. जाड कापडाची, नाडीची, आत दहा बटणे: सहा पांढरी, चार काळी. आई-वडिलांमागे तिला आत्याने वाढवले होते आणि आत्या शिवणकाम करी. लहानपणी या मुलीला कोणतीही गोष्ट चटकन उमगत नसे. घड्याळ वाचायला येईस्तोवर चौथी उजाडली. बाईंनी "कळलं ना?" म्हणताच मान डोलवायची, ही तिने शाळेत कमावलेली पहिली विद्या. ती इतकी पक्की झाली की पाच वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. शेवटी आत्याने मशीन थांबवून बटणांचा डबा तिच्यापुढे उपडा केला आणि म्हटले, "मान नको हलवू. हात हलव." वजाबाकी तिला त्या दुपारी आली.

म्हणूनच शिकवायला उभी राहिल्यावर समोरच्या साठ माना एका तालात डोलताना पाहून तिला पहिल्याच सत्रात धडकी भरली. परीक्षेत त्यातल्या निम्म्या माना खाली गेल्या. दुसऱ्या सत्रापासून तिने वर्गात एक रीत पाडली. जो सर्वांत आधी "मॅडम, कळलं नाही" म्हणेल, त्याने त्या दिवशीच्या खडूचा रंग ठरवायचा. अठरा-एकोणीस वर्षांची घोडी ती, पण रंगासाठी लहान मुलांसारखी भांडू लागली. फळ्यावर धड न दिसणारा हिरवा खडू मुद्दाम मागून तिला छळू लागली. आणि या छळाच्या ओघात "कळलं नाही" हे शब्द त्यांच्या तोंडी इतके सहज बसले की त्यांना त्याची लाज वाटेनाशी झाली. अशा वर्गात प्रकरण वेळेवर कसे संपावे?

मूल्यमापनाच्या आधी विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावून दार लोटले. मनाने ते वाईट नव्हते. घाबरट होते, एवढेच.

"हे पाहा, निरीक्षक म्हणून भाषा विभागाचे सर येताहेत. नियमच आहे, परक्या विभागाचा माणूस हवा. तुम्ही असं करा, झालेलाच एखादा धडा पुन्हा घ्या. मुलांना उत्तरं येत असतात, वर्ग कसा फुलून दिसतो. सगळेच तसं करतात."

"सर, झालेला धडा घ्यायला आधी काहीतरी पूर्ण झालेलं असावं लागतं."

"बघा बुवा. एक शोधनिबंध छापलेला, दुसरा परत आलेला. तुमचं सगळं या तासावर आहे."

घरी आत्याने ताट वाढताना विषय काढला. "अगं, परीक्षा घेणारीचीच परीक्षा?"

"अर्धीच गं. पास झाले तर उरलेली तीन वर्षं."

"आणि नापास झालीस तर?"

"तर हे वर्ष संपलं की घरी. तुझ्या उरावर."

"ऊर जुना आहे, पण भक्कम आहे," आत्या म्हणाली. "इस्त्रीचे कपडे घाल आणि घाईनं बोलू नकोस. घाबरलीस की तुझं बोलणं बिघडलेल्या मशीनसारखं पळतं."

दुसरीकडे विद्यार्थ्यांनीही आपली सभा भरवली होती. पहिल्या बाकावर एक मुलगा बसे. प्रत्येक गुणासाठी तो वाद घालत असल्याने सारे त्याला वकील म्हणत. त्याने जिन्यावर सर्वांना गोळा करून फर्मान काढले, "उद्या मॅडमची नोकरी टांगणीला आहे. कोणीही 'कळलं नाही' म्हणायचं नाही. त्या काहीही बोलल्या तरी हो म्हणायचं. वर्ग कसा गुळगुळीत चालला पाहिजे." कोणीतरी विचारले, "आणि खरंच नाही कळलं तर?" वकील म्हणाला, "तर परवा विचार. परवापर्यंत मरत नाहीस." या फर्मानाचा तिला सुगावाही लागला नाही. माणसे एकमेकांना जीव लावून जे घोटाळे करतात, ते वैराने केलेल्या घोटाळ्यांपेक्षा निस्तरायला कठीण असतात.

तो वर्ग म्हणजे उतरत्या बाकांची जुनी खोली. प्रोजेक्टर छताला उलटा टांगलेला आणि कित्येक सत्रे मुका. भाषा विभागाचे सर आले, सर्वांत मागच्या बाकावर बसले आणि मूल्यमापनाचे कागद त्यांनी कडेला कड जुळवून पुढ्यात ठेवले. त्यांच्या शेजारी योगायोगाने 'मावशी' होती. औषधांच्या दुकानात नोकरी करून चाळिशी उलटल्यावर शिकायला आलेली ही विद्यार्थिनी. तिला कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की कळे, आणि मग ती कधी विसरत नसे.

तास सुरू झाला. तिने पिशवी दाखवली, एका मुलीकडून बटण काढून घेतले. पांढरे निघाले. "हे मी परत टाकत नाही. आता पुढचं पांढरं निघण्याची शक्यता किती, ते पाहू. कळतंय ना इथवर?"

"हो मॅडम!" साठ कंठ, एक सूर.

या वर्गाने तिला 'हो' असे कधी म्हटलेच नव्हते. खडूचा रंगही कोणी मागितला नाही. भिंतीवर चेंडू टाकावा आणि तो परतच येऊ नये, तसे तिला झाले. टेकायला काही न उरल्याने ती घाईने बोलू लागली. शब्द पळू लागले आणि पळत्या हाताने तिने फळ्यावर लिहिले: पाच छेद दहा.

एरवी खडू खाली ठेवण्याआधी सहाजण ओरडले असते. आज सारे चिडीचूप. "बरोबर?" तिने सवयीने विचारले.

"हो मॅडम."

ती वळली आणि तिला दिसले की वकील आपल्या बुटांकडे पाहतोय. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या शेजारची मुलगी ओठ दाताखाली धरून बसली होती. शिक्षिकेने पुन्हा फळ्याकडे पाहिले. पिशवीत आता नऊच बटणे होती.

त्या क्षणी सगळा डाव तिच्या ध्यानात आला, आणि तो फार गोड होता. मुलांना चूक दिसली होती. त्यांनी ती तिच्यासाठी गिळली होती. मागे बसलेले सर छंद-अलंकारांतले. त्यांना नऊ काय नि दहा काय! फळा पुसून ती पुढच्या उदाहरणाकडे वळली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. मुलांना ती उद्या नीट सांगू शकली असती. तीन वर्षे पदरात पडत होती.

तेवढ्यात तिची नजर मागच्या बाकावर गेली. मावशी मान खाली घालून, जीभ किंचित बाहेर काढून, पूर्ण विश्वासाने ते उतरवून घेत होती. पाच छेद दहा. खाली पट्टीने रेघसुद्धा मारली.

"थांबा," ती म्हणाली. "मावशी, पेन खाली ठेवा. मी चुकले आहे. कुठे, ते सांगा."

साऱ्यांनी माना वह्यांत खुपसल्या.

"वकीलसाहेब?"

"नाही मॅडम... म्हणजे... बरोबर आहे की सगळं."

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

तो उभा राहिला, त्याने एकदा मागच्या सरांकडे पाहिले, आणि त्याचा बांध फुटला. "छेद नऊ हवा मॅडम! मघापासून दिसतंय! आम्ही ठरवलं होतं आज बोलायचं नाही म्हणून, तुमचं चांगलं व्हावं म्हणून, आणि तुम्हीच—"

"दहाच का नाही?" मावशी मागून गोंधळून म्हणाली. "बटणं दहा आहेत ना? मला नाही कळलं, मॅडम."

मग वर्ग खरा सुरू झाला. तिने मावशीला पुढे बोलावले, पिशवी उपडी करून बटणे मोजायला लावली. पाचजण एकदम समजावू लागले, दोघांनी चुकीचे समजावले, त्यावरून भांडण जुंपले. घंटा झाली तेव्हा नियोजनातली तीन उदाहरणे तशीच राहिली होती. सर कागद गोळा करून निघून गेले.

निर्णय समितीच्या खोलीत झाला. विभागप्रमुख, भाषा विभागाचे सर आणि आस्थापना अधिकारी असे तिघे टेबलाच्या पलीकडे. अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला. "विषयावरील प्रभुत्व: फळ्यावर चूक. पाठाचे नियोजन: अपूर्ण. विद्यार्थी सहभाग: पूर्वार्धात शून्य." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "यावर काही म्हणायचंय?"

मुलांचे नाव घेतले असते तर शून्याचा खुलासा झाला असता. ती म्हणाली, "चूक माझी होती. पूर्वार्धात मी वर्गाला नीट वाचू शकले नाही."

"समासात मी काही लिहिलंय, तेही वाचा," भाषा विभागाचे सर म्हणाले.

"समासातला मजकूर ग्राह्य धरत नाहीत, सर."

"मग तोंडी सांगतो. चूक मला कळलीच नव्हती. त्यांनी सांगितली नसती तर आज त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन मी इथे बसलो असतो. तुमच्या कागदावर चुकीला रकाना आहे, चूक कबूल करण्याला नाही. त्याला मी काय करू?"

अधिकाऱ्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवले. विभागप्रमुखांनी सगळा धीर गोळा करून म्हटले, "मुलं त्यांच्या तासाला येतात हो. पाऊस असला तरी येतात."

करार चालू राहिला. 'समाधानकारक' असा शेरा मिळाला, वर्षभराने फेरनिरीक्षणाची अट पडली आणि विद्यार्थी सहभाग कसा वाढवावा याचे प्रशिक्षण घेण्याची सूचना झाली. ज्या वर्गात साठजण एकमेकांच्या अंगावर ओरडून गणित शिकत, त्या वर्गाच्या शिक्षिकेला ही सूचना करताना कोणाला हसू आले नाही. समित्यांना हसू येत नाही.

ती बाहेर आली. व्हरांड्यात वकील, मावशी आणि आणखी दहाबाराजण उभे होते, चोरी करताना पकडल्यासारखे.

"गेली का नोकरी?" वकिलाने विचारले. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"नाही गेली."

"आमच्यामुळे..."

"तुमच्यामुळे चुकले, तुमच्यामुळेच सावरले. पण परत माझ्यावर अशी दया केलीत तर एकेकाचा कान धरीन."

"मॅडम, तुम्ही थांबला नसता ना," मावशी म्हणाली, "तर मी जन्मभर दहाच धरून बसले असते."

ती तिथेच भिंतीलगतच्या बाकड्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. शिक्षिका रडू लागली तर कसे वागायचे, हे कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हते. पोरे क्षणभर भांबावली. समोरून कचेरीतले लोक येत होते. मग वकिलाने सर्वांना डोळ्यांनी खुणावले. एकेक करून सगळे तिच्यापुढे उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून, आणि मोठमोठ्याने परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलू लागले. मावशी तेवढी तिच्या शेजारी बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या.