काळ्या काचांसमोर

गेवराईच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तो रोज सकाळी माझ्या बाकावर असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बशीत चहा ओतून तो फुंकर मारत बसायचा. आमच्या भागातल्या नेत्याच्या काळ्या काचांच्या गाड्या रस्त्यावर दिसल्या, की भरलेली बशी न सांडता बाकावर ठेवून उठायचा. शर्टाचं वरचं बटण लावून हात जोडायचा. धूळ खाली बसली की मगच हा बसायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची. मला त्याची चीड यायची.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन विचारवंताचं म्हणणं दरवर्षी पोरांना समजावतो. राजावर लोकांचं प्रेम नसलं तरी भागतं, धाक मात्र हवा. फक्त लोकांनी त्याचा द्वेष करता कामा नये. म्हणून एकदा विचारलंच, "साहेबांवर एवढं प्रेम आहे का हो तुमचं?"

तो कसनुसा हसला. "प्रेमाचं काय, सर. उभे ऱ्हायलेले त्यांना दिसत न्हाईत. बसलेला तेवढा दिसतो."

"आणि राग?"

त्यानं रस्त्याकडे बघत बटण चाचपलं. "तो घरीच ठिवून येतो."

परवा एकच गाडी आली. काचा खाली होत्या. आत ड्रायव्हर एकटाच, मागची सीट रिकामी. तरी तो उठला.

"अहो, बसा. गाडीत साहेब नाहीत," मी हळूच म्हणालो.

जोडलेले हात तसेच ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मंग तुमी कावून उठलात, सर?"