पिकवणीच्या खोलीचं दार

आमच्या सासऱ्यांना अख्खा बाजार 'दारलावे' म्हणायचा. आडनाव नव्हे ते, सवयीनं चिकटलेलं नाव. जन्मभर त्यांनी केळी पिकवली आणि जन्मभर एकच ओरड केली, दार लाव. हिरवी केळी क्रेटमध्ये रचायची, खोलीत गॅस सोडायचा आणि तो कणभरही बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. माझं मात्र लग्न होऊन आल्यापासून दारांशी वाकडं. कपाट असो नाहीतर न्हाणीघर, माझ्या हातून दार पूर्ण लागतच नाही. मग बाबा खुर्चीतूनच विचारायचे, दार लागत नाही ते, शेपूट राहिलंय का मागं? पाहुण्यांसमोरसुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

फळांच्या त्यांच्या युक्त्या आम्हाला तोंडपाठ होत्या. बटाट्यांना कोंब फुटू नयेत म्हणून पोत्यात एक सफरचंद. घरची केळी लवकर पिकावीत म्हणून पिशवीत पुन्हा सफरचंदच. मी एकदा म्हटलं, बाबा, हे सफरचंद आहे की मांत्रिक? एकाला झोपवतं, दुसऱ्याला उठवतं. ते म्हणाले, फळाला फळाचा वास लागतो, एवढं पुरे तुला. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

थंडीत त्यांची आवडती जागा म्हणजे तीच खोली. पिकू लागलेली केळी ऊब देतात, हात लावला तर क्रेटसुद्धा कोमट लागतो. सासूबाई गेल्यापासून बाबांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तेव्हा दुपारी तिथे उपड्या क्रेटवर बसून ते डुलकी काढायचे. जुनं दार फटीफटीचं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. यंदा आमच्या ह्यांनी हौसेनं नवं दार बसवलं. जाडजूड, कडेला रबर, आपोआप मिटणारं. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखाही बसवला, कारण दारवाल्यानं रोज हवा बदलायला बजावलं होतं. हे रोज न चुकता बटण दाबायचे, पंखा घरघरायचा.

नवं दार आलं आणि बाबांना गाढ झोप लागू लागली. उठल्यावर डोकं जरा जड होतं म्हणायचे. पण झोप लागतेय ना, म्हणून आम्ही खूश. हे तर येईल त्याच्याजवळ दाराचं कौतुक करत सुटले होते.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले. दोन्ही हातांत कप, म्हणून खांद्यानं दार ढकललं, पायानंच एक रिकामा क्रेट दारात सरकवला आणि आत शिरले. 'दार लाव' ऐकू आलं नाही. तशी मी भरभर पुढं झाले.

बाबा थप्पीला टेकलेले होते, हनुवटी छातीवर, ओठ निळसर. धाप चालू होती, पण मी हलवलं तर मान कलंडली. वाकले तशी मलाही धाप लागली, कानात शिट्ट्या वाजू लागल्या, पायांतलं बळ गेलं. कप कधी पडले कळलंच नाही. दाराकडे तोंड करून मी अशी बोंब ठोकली की हे आणि वजनकाट्यावरचा हमाल धावतच आले. त्यांनी बाबांना बखोटीला धरून अंगणात ओढलं. मी रांगत बाहेर आले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला आणि आमच्याकडे वळल्या.

"बंद खोलीत शेगडी पेटवली होती का?"

"नाही हो," मी म्हटलं. "आत बाबांशिवाय कोणी नव्हतं, काही नव्हतं. नुसती केळी होती."

"मग केळ्यांनीच हवा संपवली."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. सासरा मरणाच्या दारात आणि हिला विनोद सुचतोय! पण त्या शांतपणे सांगत राहिल्या. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. पिकवायला तुम्ही सोडता तो गॅस म्हणजे झाडाचं हार्मोन, माणसाच्या अंगात असतं तसंच. सफरचंदही तोच गॅस सोडतं. बटाट्याचा कोंब त्यानं वाढायचा थांबतो, आणि केळ्याला तो लागला की त्याची पेशीन् पेशी जोरानं श्वास घेऊ लागते. साखर जाळते, ऊब सोडते, ऑक्सिजन संपवते आणि आपण उच्छ्वासात सोडतो तोच वायू खोलीत भरून टाकते. तुमच्या बाबांना लागत होती ती झोप नव्हती, गुंगी होती, असं म्हणाल्या.

त्याच खोलीत मी गाणी गुणगुणत क्रेट मोजले होते. पोरांना लपाछपी खेळू दिली होती. आणि चहूबाजूंनी ती हजारो केळी आमच्याबरोबर श्वास घेत होती. ह्यांचा तर विश्वासच बसेना. पंखा रोज लावतो हो मी, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी उठून घरी गेले, भिंतीमागं जाऊन पाहिलं, आणि परत आले ते हातात एक उशी घेऊन.

मापात शिवलेली, सुतळीचे मोठे टाके, आत भुसा. पंख्याच्या बाहेरच्या तोंडात ती गच्च कोंबलेली होती. टाके बाबांचेच, मी ओळखले. गॅस वाया जातोय हे त्यांना बघवलं नसणार, आणि लेकाला सांगितलं तर वाद होईल म्हणून गुपचूप बुजवलं असणार. मला राग आला, रडूही आलं. हे ती उशी मांडीवर घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. ह्यांनी सगळं सांगितलं, उशीही दाखवली. बाबांनी तिच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"केळ्यांनी?" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, तू आत आलीस तेव्हा दार आपोआप लागलं कसं नाही? दोघंही गेलो असतो. मी खालमानेनं सांगितलं की क्रेट अडकवला होता, नेहमीसारखं दार उघडंच टाकलं होतं. आता बोलणी बसणार म्हणून अंग चोरून उभी राहिले.

त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझं शेपूट होतं म्हणून वाचलो गं," बाबा म्हणाले.