तीन गोळ्या आणि एक गोरिला

गोरिलाला माणसाची सर्दी लागते.

ही माहिती मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जयनगरच्या आमच्या घरात, दोसा खाताना मिळाली. युगांडाच्या वर्षावनात जायला दहा दिवस उरले होते आणि माझी मुलगी मृण्मयी सहलवाल्यांची सूचनांची यादी मोबाइलवर वाचून दाखवत होती. "ज्यांना सर्दी, खोकला किंवा ताप असेल, त्यांना जंगलात सोडणार नाहीत," तिने वाचलं. टेबलाभोवतीच्या तिन्ही बायकांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

आणि मी शिंकलो.

माझ्या शिंकांबद्दल आधी सांगायला हवं. बंगळूरच्या हवेचं सगळे कौतुक करतात. त्या हवेत काय काय तरंगत असतं ते फक्त माझ्या नाकाला माहीत आहे. मी एकदा शिंकून थांबत नाही. एका बैठकीत अकरा! समोरच्या घरातल्या कानडी आजी सातव्या शिंकेपर्यंत मोजतात, मग "अय्यो पापा!" (म्हणजे 'अरेरे, बिचारा!') म्हणून खिडकी लावून घेतात.

"ही ॲलर्जी आहे," मी म्हणालो, "सर्दी नव्हे."

"आणि हे गोरिलाला कोण समजावणार? तुम्ही?" माझी बायको वैजयंती म्हणाली. (ती मूळची पुण्याची. बंगळुरात येऊन तीस वर्षं झाली, पण प्रश्न अजून तिकडचेच विचारते.)

तिसरी होती अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. तिने सारी नोकरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली. दरवर्षी वर्षावनाचा एक रंगीत तक्ता भिंतीला टांगायचा, हातात छडी घ्यायची आणि सांगायचं, "मुलींनो, इथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही." स्वतः तिने असलं जंगल कधी पाहिलं नव्हतं. आधी नोकरी, मग भावोजींचं लांबलेलं दुखणं, मग स्वतःचा गुडघा. ही सहल मृण्मयीने महादेवपुऱ्यातल्या ऑफिसातली रजा साठवून साठवून, खास आत्यासाठी ठरवली होती. आम्ही दोघं नुसतेच शेपूट.

अक्काने चटणीची वाटी बाजूला सारली. "श्रीकांत, तुला मागे पाठवलं तर मीही मागे फिरेन. परदेशात तुला एकट्याला सोडून मी नाही जायची."

"अक्का, मी एकोणसाठ वर्षांचा आहे."

"म्हणूनच!"

अक्का एकदा म्हणाली की म्हणाली. तिचं अख्ख्या जन्माचं स्वप्न आता माझ्या दोन नाकपुड्यांवर टांगलेलं होतं. घरात दहा दिवस मिरचीची फोडणी बंद झाली. उदबत्ती बंद झाली. पंखे पुसले, पडदे धुतले. मी डॉक्टरांकडून पत्र आणलं की या गृहस्थांना कोणताही संसर्ग नाही, फक्त ॲलर्जी आहे. त्या पत्राच्या मी चार प्रती काढल्या आणि चारही वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्या. विमानात शिंकलो नाही. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर, लाल धुळीत, सात तास शिंकलो नाही! वैजयंती मधूनमधून माझ्याकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी बघत होती.

जंगलात जायच्या दिवशी सकाळी उद्यानाच्या कचेरीसमोर आमचा वाटाड्या उभा होता. त्याचं नाव जोसेफ. उंच, शांत, आणि आवाज इतका मऊ की रागावला तरी कळू नये. (तो इंग्रजीत बोलत होता; मी आपल्या भाषेत सांगतो.) त्याने सगळ्यांचा ताप मोजला, मास्क वाटले आणि माझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं.

"पत्र उत्तम आहे, सर," तो म्हणाला. "पण गोरिलांना वाचता येत नाही. वाटेत एक जरी शिंक आली, तर तुम्हाला तिथूनच परत फिरावं लागेल."

"मग मीही—" अक्काने सुरुवात केली.

"नाही येणार!" मी ओरडलो. "शिंक येणारच नाही!"

हे मी इतक्या खात्रीने सांगितलं, कारण पहाटे उठून मी गुपचूप ॲलर्जीची एक गोळी घेतली होती. त्यानंतर नाश्त्याला वैजयंतीने माझ्या हातावर एक गोळी ठेवली. "घ्या, व्हिटॅमिन आहे." नाही म्हटलं असतं तर माझं गुपित फुटलं असतं, म्हणून घेतली. आणि निघता निघता अक्काने बाजूला बोलावून एक गोळी दिली. "गाडी लागू नये म्हणून." आता पुढे गाडी नव्हतीच, सगळं पायीच होतं, पण अक्काला प्रश्न विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. तीही घेतली.

तिन्ही गोळ्या जयनगरच्या एकाच औषधाच्या दुकानातून आलेल्या, एकाच पाकिटातल्या! पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की या गोळीने झोप येते. हे सगळं नंतरच्या कौटुंबिक चौकशीत उघड झालं. एकट्या मृण्मयीने काय ती गोळी दिली नव्हती. त्या दिवसापासून ती स्वतःला घरातली एकमेव समजूतदार व्यक्ती मानते.

आम्ही जंगलात शिरलो.

आता, हे जंगल खरंच तसं होतं की गोळ्यांनी मला तसं दाखवलं, हे मी आजही सांगू शकत नाही. धुकं होतं. झाडांच्या खोडांवर शेवाळाचे हिरवे स्वेटर होते. वरून कुठून तरी उजेड यायचा, पानांपानांतून गाळत गाळत, आणि आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर तोही हिरवाच झालेला असायचा. माणसापेक्षा उंच नेचे डुलत होते. एक निळं फुलपाखरू माझ्या बुटावर बसलं आणि त्याला त्रास नको म्हणून मी तो पाय उचलेचना.

"बाबा, चला ना!"

"हळू. स्वल्प निधान," मी म्हणालो. युगांडात, डोंगरावर, मी कानडीत बोलत होतो! आणि गंमत म्हणजे जोसेफने मान डोलावली.

माझी पिशवी उचलायला आणि चढावर हात द्यायला ग्रेस नावाची जवळच्याच गावातली बाई होती. चाळिशीची, काटक. पहिल्या चढावर तिने माझा हात धरला, तो मी सोडलाच नाही. सपाटीवरही नाही. मला वाटत होतं आपले पाय जमिनीच्या चार बोटं वरून चालले आहेत. एका प्रचंड उंबरासमोर मी थांबलो, हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार. घरचे सगळे बरे?"

"अहो!" मागून वैजयंती कुजबुजली. "कोणाशी बोलताय?"

"यांच्याशी."

"मृण्मयी, तुझ्या बाबांना उंचावरची हवा लागली बहुतेक."

"उंचावरची हवा वगैरे काही नाही," अक्का म्हणाली. "झाडाशी बोलतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखा वागतोय." ती स्वतः तर पुढे गुडघा विसरून चालली होती. प्रत्येक खोडाला हात लावत होती, हजेरी घ्यावी तशी पुटपुटत नावं घेत होती.

तीन तासांनी जोसेफने हात वर केला. सगळे थांबले. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि समोरच्या झुडपाकडे दाखवलं. "एकच तास मिळेल," तो कुजबुजला. "काठ्या इथे ठेवा. दहा मीटर लांब राहा. ते जवळ आले तर हलू नका."

मला आठवतं, मी एका झाडाच्या मुळाला टेकून बसलो. फक्त काठी खाली ठेवायला. शेवाळ गादीसारखं होतं. मी ठरवलं, दोन मिनिटं श्वास सावरतो, मग डोळे भरून गोरिला बघतो.

त्यानंतर मला दिसले माझे अप्पा.

माझे वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. ते अतिशय कमी बोलत. मी लहान असताना रविवारी सकाळी मला लालबागेत नेत, एका बाकावर बसत, भाजलेले शेंगदाणे खात. तास तास. मी शेजारी. एक शब्द नाही. स्वप्नात अगदी तसंच होतं. ते येऊन जड अंगाने माझ्याजवळ बसले, सावकाश काहीतरी चावत राहिले. ओल्या घोंगडीसारखा वास येत होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू! फक्त बाकावर जागा थोडी कमी होती.

"बाबा, उठा. तास संपला," मृण्मयी खांदा हलवत होती.

मी डोळे उघडले. समोर नेचे हलत होते, आणि त्यांच्यामागे एक मोठी करडी पाठ, घाई नसलेल्या माणसासारखी, आत आत नाहीशी झाली. मला दिसला तो गोरिला एवढाच.

"मला उठवलं का नाही?" मी विचारलं.

"कसं उठवणार?" वैजयंती म्हणाली. "तो तुमच्या शेजारी बसला होता!"

मृण्मयीने मोबाइल पुढे केला. तिने सगळं टिपलं होतं. मी मुळाला टेकलेलो, मास्कमधून घोरतोय. चांगला घुमणारा, खर्जातला आवाज. झुडूप हलतं. कळपाचा नायक बाहेर येतो, पाठ रुपेरी, डोकं आमच्या घरच्या पाण्याच्या पिंपाएवढं. तो थांबतो, ऐकतो. आणि घशातून अगदी माझ्यासारखाच आवाज काढतो! मी घोरतो, तो उत्तर देतो. मी घोरतो, तो दोन पावलं जवळ येतो. मग माझ्यापासून जेमतेम चार हात अंतरावर बसून पाला खायला लागतो.

"पोट भरलेलं असलं आणि सगळं ठीक असलं, की ते असा आवाज काढतात," जोसेफने समजावलं. "सर तर अगदी त्यांच्याच बोलीत बोलत होते. इतका शांत पाहुणा मी आजवर पाहिला नाही."

पण व्हिडिओ अजून संपला नव्हता. त्यात मी डोळे न उघडता कूस बदलतो आणि स्पष्ट मराठीत म्हणतो, "अप्पा, जरा सरका ना."

आणि तो सरकतो.

ते बघून ग्रेस हसत हसत मातीतच बसली. वैजयंतीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. मला मात्र फार लाज वाटत होती. इतक्या लांब येऊन झोपलो! मी अक्काकडे गेलो. ती एका झाडाला हात टेकून उभी होती, मास्क डोळ्यांखाली ओला झालेला.

"अक्का, माफ कर. मी सगळा विचका केला."

"कसला विचका? मी पुरा तास उभी होते. एका पिल्लाने माझ्यासमोर नेच्याचा कोवळा शेंडा सोलून खाल्ला." तिने झाडाच्या खोडावरून हात फिरवला. "त्या तक्त्यात वास नव्हता रे, श्रीकांत. आणि आवाजही नव्हता. मी त्या मुलींना काय शिकवलं, कोण जाणे."

मग तिने कपाळाला आठी घातली. "आणि अप्पांना 'सरका' काय म्हणतोस? जिवंत असताना कधी हिंमत झाली नाही ती!"

उतरताना पूर्ण वाटभर मी जागा होतो आणि एकदाही शिंकलो नाही. आता उपयोग काय!

बंगळुरात परत आल्यापासून घरी पाहुण्यांची रीघ आहे. कॉफी होते, मृण्मयी फोटो दाखवते, अक्का वनस्पतींची माहिती देते. शेवटी कोणीतरी वळून मला विचारतंच, "आणि तुम्हाला कसा वाटला हो गोरिला?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. मी म्हणतो, "अगदी माझ्या वडिलांसारखा."

पाहुणे आदराने भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघतात. आणि मग, का कोण जाणे, त्याहून बराच जास्त वेळ माझ्याकडे!