वळणावर गिअर कोण बदलत होतं?

आज मुलाने माझ्या तीनचाकी मोटरसायकलची किल्ली मागितली, म्हणून हे लिहिते आहे.

माझा डावा पाय अधू आहे, त्यामुळे गिअरसाठी हाताने ओढायचा दांडा बसवलाय. आठवडाभर वळणावर गिअर आपोआप बदलत होता. मेकॅनिकलाही काही सापडेना.

"आई, तुझाच हात लागत असेल. रिक्षाने जात जा ना आता."

मलाही तसंच वाटू लागलं होतं. आज उभ्या गाडीचं हँडल वळवलं, तर दांडा हलला. खंडेनवमीला मीच बांधलेल्या हाराची फुलं गळून गेली होती, पण नायलॉनचा दोरा हँडलपासून दांड्यापर्यंत ताणलेला होता.

मेकॅनिक म्हणाला, "दिसला होता मॅडम, पण पूजेचा हार कसा काढणार?"

मीच दोरा कापून काढला.

दोरा मुलाच्या हातात दिला. किल्ली दिली नाही.