आरती संपेपर्यंत शीर्षासन

मार्गशीर्ष वद्य तृतीया. आभाळ निरभ्र. सकाळी तापीवरून बोचरा वारा, दुपारी ऊन.

योगवर्गाच्या वहीत मी रोज आसनं आणि मिनिटं लिहितो. आसनं ओळीत मावतात. माणसं मावत नाहीत, ती समासात जातात. तीन वर्षांत समास पुरेनासा झाला!

वर्ग प्रकाशा गावच्या धर्मशाळेत भरतो. गुरुजी निवृत्त ड्रिलमास्तर, अंगाने काडी. यंदा पाटलांना कापूस ठेवायला हीच जागा हवी होती. दुसरी जागा कोणी देईना, म्हणजे धर्मशाळा गेली की वर्ग संपला. पाटलांनी पंचांपुढे विचारलं, या वर्गाने गावाचं भलं काय झालं? उत्तर अवघड होतं.

धौती म्हणजे ओली पट्टी गिळून पोट साफ करणं. आत्माराम शेतकऱ्याने घरच्या कापसाची पट्टी आणली, निम्मी गिळली, आणि बाहेर त्याचा बैल सुटला. पट्टी काढायला वेळ लागतो, बैल थांबत नाही. आत्माराम तोंडातून पट्टी लोंबवत बाजारभर धावला. बैल घरीच गेला होता. दारात बायको उभी.

"आते घरना कपडा बी खाई ऱ्हायनात का?"

आत्मारामाने तोंडातल्या पट्टीकडे बोट दाखवलं.

*

कचेरीतले कारकून तात्या. गुरुजींचा नियम असा की अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला, पाव वाऱ्याला. एका लग्नात तात्या नववी पुरणपोळी घेताना गुरुजींनी पाहिलं. तात्या शांतपणे म्हणाले, "वाऱ्याला बाहेर भरपूर जागा आहे."

याच तात्यांना शवासन पहिल्याच दिवशी साधलं. आम्ही थक्क झालो. गुरुजी म्हणाले, "कचेरीतला सराव दिसतो."

*

शेवटी पाटलांनीच तोड काढली. "गुरुजी, आरती सरस तोवर डोकावर उभा ऱ्हा. टिकनात ते धरमशाळा तुमनी, नई ते मन्हा कापूसनी."

गुरुजींनी फक्त एक घोंगडी मागितली.

आरतीच्या ताटाचा मान पाटलांचा. आमच्याकडे ओवाळणारा आरती संपेपर्यंत ताट खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या हातीही देत नाही. पाटलांनी भजनी मंडळींना बजावलं होतं, मी मान हलवेपर्यंत थांबायचं नाही. पितळेचं जड ताट घेऊन ते उभे राहिले. समोर गुरुजी उलटे, डोळे मिटलेले. घड्याळ माझ्या हातात.

एरवी दोन आरत्यांत उरकतं. पाचव्या आरतीला पाटलांच्या कपाळावर घाम आला. सातवीला ताट थरथरू लागलं. भजनी त्यांच्याकडे पाहत होते. ते मान हलवीनात.

खालून गुरुजींचा आवाज आला, "पाटील, खांदे ढिले सोडा. श्वास नाकाने घ्या."

पाटलांचा हात एकविसाव्या मिनिटाला खाली आला, गुरुजींचे पाय बाविसाव्या. कापूस यंदा पाटलांच्या ओसरीवर आहे.