पांढऱ्या चादरीतले हात

तान्ह्या बाळाचा पासपोर्टसाठी फोटो काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात. बाळाला बसता येत नाही आणि फोटोत दुसरं कुणी दिसून चालत नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या फोटोवाल्याने त्यावर तोड काढली होती. त्याची बायको, आमची वहिनी, पांढरी चादर पांघरून बसायची आणि चादरीच्या दोन भोकांतून हात काढून बाळाला धरायची. मग हा कॉम्प्युटरवर तिचे हात पुसायचा.

वहिनीचं तिसरं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. फोटोवाला डोळ्यांतून टिपूस न काढता चौथ्या दिवशी दुकान उघडून बसला. महिन्याने वहिनीही आली. त्याच दिवशी गल्लीतल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या आणि वहिनीकडे बघत म्हणाल्या, "दुसरं कुणी धरेल का?"

आजी, दुसरं दुकान बघा, एवढं म्हणायला काय जात होतं? हा शहाणा म्हणाला, "मी धरतो. तू बटण दाब."

तिने दाबलं. संध्याकाळी ती दोन्ही मुलांना घेऊन आईकडे निघून गेली.

"तिला त्रास नको म्हणून धरलं रे," तो मला सांगत होता.

"तोंडाला कुलूप होतं का तुझ्या?" मी म्हटलं. असा राग आला होता मला.

पंधरा दिवसांनी त्याने हात न पुसलेला एक जुना फोटो मोठा करून छापला आणि तिला आणायला गेला. याला वाटलं, बघून ती विरघळेल.

तिने विचारलं, "हे बाळ कुणाचं?"

त्याला आठवेना.

"बाळ पुसा," ती म्हणाली. "हात राहू द्या."

परत येऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. मी चहा घेऊन गेलो तेव्हा बाळाचं फक्त तोंड उरलं होतं आणि गडी ढसाढसा रडत होता.

"दवाखान्यात नर्सने विचारलं होतं, बाळ बघायचंय का? मीच नको म्हटलं, तिच्या वतीनेही. ती आतून ओरडत होती, मला बघू द्या. तिला वाटतं, मी तरी बघितलं असेल."

चहा तसाच निवला. "हे तिला सांग," मी म्हणालो.

त्याने बाळाचं उरलेलं तोंडही पुसलं, फोटो छापला, दुसऱ्या दिवशी नेऊन दिला आणि खरं काय ते सांगितलं.

वहिनी अजून आईकडेच आहे. तान्हं बाळ आलं की हल्ली चादर पांघरून मी बसतो.